झिजेचा हिशेब आणि झिजेची भरपाई

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव विदर्भाच्या ज्या संत्रापट्ट्यात मोडते, तेथील बागांत आता ओलावा मोजणारे सेन्सर आणि मोबाइलवरील सल्ला ही साधने येऊ लागली आहेत. त्यांच्यामुळे निर्यातीच्या फळाचा हवामानावरील भार हलका झाला, तर बागायतदाराचे सृष्टीला असलेले देणे फिटले असे म्हणता येईल काय, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी मुळात धर्मविचाराचा आहे, आणि विनोबा भावे यांची कर्मभूमी असलेल्या या जिल्ह्यात तो त्यांना वगळून विचारता येत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीताप्रवचनांत, सतराव्या अध्यायाच्या विवेचनात, विनोबांनी यज्ञाचा अर्थ होमहवनापुरता न ठेवता, आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणे असा केला. समाजाचे ऋण फेडणे म्हणजे दान आणि शरीराची शुद्धी म्हणजे तप, अशी त्याला जोडही दिली.

या कसोटीवर साधनांचे काम पाहावे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने मलूल झाली की ताण बसला, असे आजवर नजरेने ठरे. मुळांच्या पट्ट्यात पुरलेला सेन्सर तोच ओलावा आकड्यात सांगतो, त्यामुळे ताण तुटल्यावर ठिबक गरजेपुरतेच चालते, पंप कमी फिरतो आणि बहुतांशी कोळशावर होणारी वीज वाचते. शिवाय पाणी साचलेल्या जमिनीत जादा युरियापासून निघणारा नायट्रस ऑक्साइड, जो उष्णता धरून ठेवण्यात वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी असतो, तोही घटतो.

हे मोलाचेच आहे. तथापि याने झीज मंदावते, भरून निघत नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर संत्रा लावला, तर विहीर पूर्वीइतकीच उपसली जाते. यज्ञ घडतो तो शेणखत, हिरवळीचे खत आणि विहीर पुनर्भरण यांत, आणि ते कोणतेही यंत्र आपोआप करीत नाही. उलट, पूर्वी अजाणता होणारा अपव्यय आता आकडा पाहून होतो, म्हणून जबाबदारी वाढते.

ती एकट्या शेतकऱ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. बांगलादेशाने आयात शुल्क वाढविले तेव्हा विदर्भातील संत्र्याचे भाव कोसळले, आणि पडत्या भावात पहिली काटछाट शेणखताचीच होते. फळासोबत कार्बनचा हिशेब मागणाऱ्या खरेदीदाराने त्या खताचा खर्च भावात धरला पाहिजे, कारण विनोबांच्या मांडणीत यज्ञ आणि दान एकमेकांपासून सुटत नाहीत.