धुराचे इंधन होते, म्हणून धूर करावा काय?

कारखान्याच्या धुरातील कर्बवायूपासून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून, इंधन बनवता येते, ही गोष्ट आता आपल्या घरांतूनही बोलली जाते. मग तरुण मंडळी विचारतात, "धुराचा उपयोग होणारच असेल, तर काटकसरीचा उपदेश कशाला?" प्रश्न रास्त आहे, त्याचा विचार झाला पाहिजे.

ही विद्या खरी आहे, यात शंका नाही. अ‍ॅस्पिरिनला लागणारे सॅलिसिलिक आम्ल एकोणिसाव्या शतकापासून कर्बवायू वापरूनच तयार होते. कर्बवायूपासून मिथेनॉल बनवण्याचा पुरस्कार करणारे नोबेल विजेते जॉर्ज ओला आणि भारतात जन्मलेले त्यांचे सहकारी सूर्य प्रकाश यांना २०१३ साली इस्राएलच्या पंतप्रधानांच्या नावाचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. आइसलंडमधील ओलांच्या नावाच्या कारखान्याची क्षमता २०१५ साली वर्षाला सुमारे ४,००० टन मिथेनॉलपर्यंत वाढली.

हे घडवून आणतो तो उत्प्रेरक. मिथेनॉलसाठी तो बहुधा तांबे व जस्त यांचा असतो. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम. तो दोघांची गाठ घालून देतो, पण संसाराचा खर्च उचलत नाही. कर्बवायू म्हणजे जळून उरलेली राखच. तिचे पुन्हा इंधन करायचे तर शक्ती बाहेरून घालावी लागते. पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज लागते. आइसलंडमध्ये ती जलशक्ती व भूगर्भातील उष्णता यांपासून मिळते, म्हणून हिशेब जमतो. तीच वीज कोळसा जाळून केली, तर जितका वायू वापरला त्याहून अधिक हवेत जाईल. शिवाय ते इंधन जाळले की वायू पुन्हा मोकळाच!

योम किप्पूर हा आपल्या वाडवडिलांचा दारफाळणीचा सण. पुढे पश्चात्ताप करता येईल या हिशेबाने जो आज पाप करतो, त्याला पश्चात्तापाची संधी मिळत नाही, अशी मिशनाची ताकीद आहे. आम्ही जन्मभर रुग्णसेवा केली. रक्तपेढीत रक्त आहे म्हणून वाहती जखम कोणी तशीच ठेवत नाही. आधी रक्तस्राव थांबवावा लागतो, मग बाटली लावावी लागते.

याचा अर्थ बाटली निरुपयोगी आहे असा नव्हे. जहाजे, विमाने, औषधे यांसाठी ही विद्या वाढावी, तरुणांनी ती शिकावी. परंतु जो धूर टाळता येतो तो आधी टाळावा. उपाय हाताशी असणे ही परमेश्वराची कृपा आहे, परवाना नव्हे.