पायथ्याशी थांबलेली माणसे

पावसाळा ओसरू लागला की आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची एक सहल निघते. काही वर्षांपूर्वी ती लोहगडावर गेली होती. बस लोहगडवाडीपर्यंत पोहोचली. तेथून पायऱ्या सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून आम्ही चाळीस-पंचेचाळीस माणसे वर गेलो, विंचूकाट्याचे टोक पाहिले, धुक्यात एकमेकांना हरवून पुन्हा शोधले आणि तीन तासांनी भुकेलेले व आनंदित असे खाली आलो. बसमध्ये तिघेजण थांबले होते. दोन आज्या आणि लहानपणी पोलिओ झाल्यामुळे कुबड्यांवर चालणारा एक तरुण. त्यांनी सर्वांचे डबे, छत्र्या आणि कोरडे कपडे सांभाळले होते. वर्गणी मात्र तिघांनीही सर्वांइतकीच भरली होती.

तरुणाने विचारले, “वर काय होते?”

“छान होते, फार छान,” एवढे बोलून आम्ही डबे उघडले.

हे उत्तर आम्हांला आजही टोचते. आम्ही त्याचा काही अपराध केला होता काय? की ज्याला त्याला मिळालेल्या पायांचा तो प्रश्न होता?

अनेकजण म्हणतील, डोंगर कोणी माणसाने उभा केलेला नाही. लोहगड ३,३८९ फूट उंच आहे यात कोणाचा दोष? वरवर पाहता हे खरे आहे. पण डोंगर निसर्गाचा असला, तरी वाट माणसाची असते. आपल्या मावळातच पाहा. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. म्हणजे कड्यापर्यंत माणूस पोहोचावा यासाठी तेव्हाही कोणी श्रम केले, कोणी पैसा दिला. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. तिच्यासाठी सह्याद्री फोडला गेला आणि असंख्य मजुरांनी प्राण वेचले. कापसाच्या गाठी आणि पलटणी घाट चढाव्यात म्हणून जे डोंगर कापले गेले, ते चाकाच्या खुर्चीपुढेच अचल कसे ठरतात? प्रत्येक पायरी रचताना कोणाचे तरी पाऊल माप म्हणून धरलेले असते. ज्याचे पाऊल त्या मापात बसत नाही, त्याला आपण ‘असमर्थ’ म्हणतो आणि माप ठरविणारे विसरून जातो.

तथापि याच युक्तिवादाला शेवटपर्यंत ताणले तर आपण दुसऱ्या चुकीत पडू. मग काय, लोहगडाच्या नागमोडी दरवाजांवर सिमेंटचा उतार घालावा? मराठ्यांच्या दुर्गरचनेचा नमुना म्हणून हा गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तो त्या अवघड वळणांमुळेही. शत्रूला सहज चढता येऊ नये हाच ज्या वाटेचा हेतू, ती सोपी केली तर ती वाटच उरत नाही. शिवाय, सर्वांना सर्वत्र नेण्याच्या उत्साहाचे दुसरे रूप लोणावळ्याने पाहिले आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याला आणि कड्याला मर्यादा असतात, आणि त्या धडधाकट माणसालाही पाळाव्या लागतात.

मग उचलून न्यावे काय? हा मार्ग आम्हां ख्रिस्ती माणसांच्या मनात चटकन येतो, कारण संत मार्कने सांगितलेली ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौघेजण पक्षाघाती मित्राला खाटेवर घालून आणतात आणि दारात गर्दी पाहून छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे उतरवतात. पण येथेही एक पेच आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तेथे कित्येक वर्षे माणसे हातरिक्षा ओढून वृद्धांना, आजाऱ्यांना आणि हौशी पाहुण्यांनाही नेत असत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवून ती सहा महिन्यांत थांबविण्याचा आदेश दिला, आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याची दिशा दाखविली. एकाचे अपंगत्व दूर करण्यासाठी दुसऱ्याला जनावराच्या जागी जुंपणे हा न्याय नव्हे. शुभवर्तमानातील ते चौघे भाड्याचे नव्हते, हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आणि गोष्टीच्या अखेरीस तो माणूस स्वतःची खाट स्वतः उचलून चालत जातो, हेही विसरता कामा नये. उचलून नेले जाण्यात कोणालाही कायमचे समाधान नसते.

तेव्हा आमच्या मते येथे दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे घोटाळा होतो. पहिले कर्तव्य न्यायाचे. जे सर्वांच्या पैशातून सर्वांसाठी बांधले जाते, मग तो समुद्रकाठचा फेरफटक्याचा रस्ता असो, तलावाकाठची बाग असो वा दरी पाहण्याचा कठडा, त्यात कोणाला वगळण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९९५ च्या आणि त्यानंतर २०१६ च्या कायद्याने हे मान्य केले आहे. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. कित्येक वृद्धांनी शिवछत्रपतींची समाधी त्यामुळेच पाहिली. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी वाळूवरून लाकडी वाट झाली. पुढच्याच महिन्यात वादळाने तिची मोडतोड केली. यातून शिकायचे ते हेच की असे काम एकदा फीत कापून संपत नाही. ते दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावे लागते.

दुसरे कर्तव्य सोबतीचे, आणि ते कोणताही कायदा आपल्याकडून करवून घेऊ शकत नाही. गड अवघड असणे हा अन्याय नव्हे. पण ‘सर्वांची सहल’ असे नाव देऊन गड निवडणे, हा मात्र आमचा निर्णय होता. डोंगराने त्या तिघांना बसमध्ये बसविले नाही. आम्ही बसविले.

पुढच्या वर्षी आम्ही मळवली स्टेशनपासून भाजे गावाच्या रस्त्याने चाललो. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पुढे कोणी जायचे नाही, एवढा एकच नियम होता. तरुण मुले कुरकुरली, हे लपविण्यात अर्थ नाही. इंद्रायणी ओलांडताना आज्या थांबल्या, म्हणून सर्वजण थांबले. भातखाचरांपलीकडे लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसत होते. इतक्या वर्षांत आम्ही त्या दोघांवर चढलो होतो, पण दोघांना एकत्र, निवांत असे कधी पाहिले नव्हते.

तरीही हिशेब पूर्ण झाला असे आम्ही म्हणणार नाही. त्या तरुणाने परतताना गडाकडे बोट दाखवून सांगितले, “तुम्ही वर जाणे सोडू नका. मात्र आल्यावर नीट सांगत जा.” त्याने विंचूकाटा आजही पाहिलेला नाही, आणि कदाचित पाहणारही नाही. ते दुःख आमच्या शब्दांनी भरून निघणारे नाही. परंतु गेल्या वर्षी आमची मुले गडावर जाऊन आली, तेव्हा जेवण्यापूर्वी अर्धा तास त्याच्याजवळ बसली होती.