चोर दाराने येत नाही



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा संपली आणि एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. हातात नवाकोरा पासपोर्ट होता. "फादर, ह्याला कुवेतला नोकरी लागलीय. आशीर्वाद द्या. पण तूर्त कुणाला सांगू नका, एजंटने बजावलंय." मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आनंदाने निरोप दिला. तीन महिन्यांनी कळले, व्हिसा खोटा होता. एजंटचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. आईच्या बांगड्या पतपेढीत गहाण पडलेल्या. त्याहून वाईट म्हणजे लाजेपोटी ते कुटुंब कित्येक रविवार मिस्सेला फिरकले नाही.

त्या दिवशी मी आशीर्वाद दिला, पण 'कुणाला का सांगायचे नाही?' एवढा एक प्रश्न विचारला नाही. ती रुखरुख अजून मनात आहे, म्हणून आज हे लिहीत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू चोराची खूण सांगतो. मेंढपाळ दाराने येतो, चोर दुसरीकडून चढून येतो. चोराचा चेहरा कसा असतो, हे प्रभू सांगत नाही. तो आत कुठून येतो, तेवढे पाहायला शिकवतो. आपल्याला फसवणारा बहुधा परका वाटतच नाही. तो कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने येतो, आपल्याकडे चहा घेतो, घरच्या अल्तारापुढे हात जोडतो. म्हणून माणसाच्या गोड बोलण्यावर न जाता दार तपासावे.

हे दार कोणते? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. जहाजावर माणसे पाठवणाऱ्यांना नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणेच बेकायदा आहे. 'आता पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' असे कुणी म्हणाला, तर तो कुंपणावरून चढतो आहे असे खुशाल समजा.

शिकलेली मुलेही ह्यातून सुटलेली नाहीत. थायलंडमध्ये संगणकावरचे काम देतो म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांना इतरांची ऑनलाइन फसवणूक करायला लावले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. फसलेल्या माणसालाच दुसऱ्याला फसवायला लावायचे, ह्याहून मोठे पाप कोणते?

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी सूज्ञता ह्या सद्गुणाविषयी लिहिताना दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी हा तिचाच एक भाग मानला आहे. कितीही हुशार असला तरी एकट्या माणसाला सगळे कळत नाही. चोराला हे पक्के ठाऊक असते. 'आजच पैसे भरा, कुणाला सांगू नका' असे म्हणून तो आधी मेंढराला कळपापासून वेगळे काढतो. पैसे नंतर आपोआप येतात.

म्हणून पैसे देण्याआधी घरात सर्वांशी बोला. आपल्या धर्मग्रामात आखातात नोकरी केलेली कितीतरी माणसे आहेत, त्यांना विचारा. कागद घेऊन माझ्याकडे या, आपण एकत्र बसून यादी पाहू.

आणि कुणी फसले असेल, तर त्याने लाजून घरात बसू नये. पोलिसांत तक्रार करावी, आम्ही सोबत येऊ. योसेफाला तर स्वतःच्या भावांनी वीस रुप्यांना विकले होते. पवित्र शास्त्राने त्याबद्दल योसेफाला कुठेही मूर्ख ठरवलेले नाही. लाज विकणाऱ्यांना वाटली पाहिजे. शेजाऱ्यांनीही 'तरी आम्ही सांगत होतो' हे वाक्य गिळून त्या घरी जाऊन यावे.

पासपोर्टसाठी आशीर्वाद मागायला जरूर या. मात्र ह्यापुढे मी आधी दोन प्रश्न विचारीन. राग मानू नका.

प्रभूच्या सेवेत,
आपले प्रमुख धर्मगुरू