पडीक

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर ई-क्लासचा माळ आहे. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, त्या पावसाळ्यात सुट्टीवर आलेल्या मीही तिथे खड्डे खणले. फोटो स्टेटसला टाकले आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात पुण्याला परतलो.

त्या माळावर भुईआमरी उगवते, हे दोन वर्षांनी कळलं. गावातल्या गुराखी काकांनी गवत बाजूला सारून हातभर दांड्यावरची पांढरट फुलं दाखवली. "हे त दरसालच निंघते ना बापू," ते म्हणाले. हे हबेनारिया प्रजातीतलं ऑर्किड. वर्षाचा बराच काळ ते जमिनीखाली कंदरूपात असतं. पावसात वर येतं, फुलतं आणि पावसाळा सरला की नाहीसं होतं. बी धुळीसारखं, त्यात अन्नाचा साठा नाही. मातीतली योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. परागीकरणासाठी या प्रजातीला बहुतेक रात्रीचे पतंग लागतात. एवढा सगळा संसार आमच्या कुदळीखाली होता.

अमेरिकेत हिची एक जवळची नातलग आहे, वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड. तिचे माळ नांगराखाली गेले आणि १९८९ साली तिला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. तिथे शेतीसाठी झालं, ते इथे आम्ही पुण्य म्हणून करत होतो.

मग माझा दोष किती? हेतू चांगला होता, माहिती नव्हती. पण माहिती मिळत नव्हती, की मी विचारलंच नव्हतं? आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात की रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तिथे नोंद झालेली नाही, एवढंच. माळापुढे मी हे विसरलो, कारण सरकारी नकाशांत अशा गवताळ जमिनीला 'पडीक' म्हणतात. आपल्या उपयोगाची नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

गावातला भूमिहीन माणूस विचारेल, फुलासाठी जमीन अडवून ठेवायची का? प्रश्न रास्त आहे. पण आमच्या खड्ड्यांनी त्यालाही काही दिलं नाही. रोपं उन्हाळ्यात वाळली, चराईचं गवत तेवढं उखडलं गेलं.

न कळणं माफ होऊ शकतं. न विचारण्याबद्दल मला खात्री नाही. आम्ही खणत होतो तेव्हा काका तिथेच, बाभळीखाली, गुरं राखत बसले होते.