फितूर कोण?

आमच्या मावळात गावच्या मंडळाचा कबड्डीपटू दुसऱ्या गावाकडून उतरला, की म्हातारी माणसं म्हणायची, "पोरगं फितूर झालं!" 2014 साली प्रो कबड्डी आली. 2015 मध्ये यू मुंबाला अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार 2018 मध्ये जयपूरकडून खेळला. त्याला आमच्या पारावर कुणी फितूर म्हटलं नाही. मग गावच्याच पोराला का? मंडळानं त्याला मातीत घडवलं, हे ऋण खरंच. पण गुडघा गेला तेव्हा लोणावळ्यातल्या दवाखान्याचं बिल एकट्या बापानं भरलं. ऋण आहे म्हणून मालकी होत नाही. जत्रेला तो आला, तर नारळ द्यावा अन् म्हणावं, "बाबा, पोरांना दोन डाव शिकव."