सोंग कोणाचे?

गेल्या माघात एका तालुक्याच्या गावी एकादशीच्या जागराला आम्हांस बोलावणे होते. रात्री दहाच्या सुमारास तेथील महिला भजनी मंडळाच्या माउली उभ्या राहिल्या आणि नाथांची भारुडे सुरू झाली. एकीने धोतर नेसून, पागोटे बांधून, बगलेत पंचांग मारून ‘जोशी’ केला. काजळाची मिशी घामाने गालभर पसरली, तिकडे तिचे लक्षच नव्हते. मग ‘विंचू’ झाला, ‘दादला’ झाला. सभामंडप हसून बेजार. पुढे गौळण लागली, आणि राधा होऊन जी बाई आली तिला पाहून पुढच्या रांगेतले हसू एकदम थांबले. हिरवे लुगडे, हातभर चुडा, कपाळी ठसठशीत कुंकू. बाईंचे मालक दोन वर्षांपूर्वी वारलेले. साऱ्या गावाला ठाऊक.

शेजारचे एक वृद्ध वारकरी पुटपुटले, “महाराज, हे बरं नव्हं. भजन करा, नको कोण म्हणतो? पण सोंग कशाला? आन् हिनं तर मुळीच नको.” खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच आले होते.

पण वाचकहो, सोंगाला नावे ठेवायची तर आरंभ कोठून करावा? दामाजीपंतांसाठी देव विठू महार झाला; पैठणास श्रीखंड्या होऊन त्याने नाथांघरी पाणी वाहिले. इ. स. 1599 मध्ये देह ठेवलेल्या नाथांनी वासुदेव, गोंधळी, वेडी, आंधळा अशा कितीकांच्या मुखाने परमार्थ सांगितला. ज्ञानोबामाउलींची विरहिणी, तुकोबांच्या गौळणी पुरुषवाणीतूनच आल्या. पुरुष गोपी झाला तर भक्ती, आणि बाई गोपी झाली तर सोंग! (अहो, भारुडातली बाई आजवर बहुधा मिशा काढून बुवाच होत आले, तेव्हा कोणी पुटपुटले नाही.)

तुकोबांनी ज्या सोंगावर कोरडे ओढले ते निराळे. जोशी झालेल्या बाईला ठाऊक आहे की मिशी काजळाची आहे, बघणाऱ्यालाही ठाऊक. फसले कोण? उलट मनात बांधाचा तंटा घोळत असताना आम्ही माळ-बुक्का लेवून टाळ धरतो, तेव्हा लोकांस काय दाखवतो? आता, सिनेमाची चाल आणि टाळ्यांसाठी नटणे, असली मंडळेही आम्ही पाहिली आहेत. त्यांचा कैवार आम्ही घेत नाही. ही मंडळी तशी नव्हती.

राहिले कुंकू. देवाच्या दारी सुवासिनी कोण नि विधवा कोण, हे आम्ही कीर्तनातून किती वेळा सांगितले असेल! त्या रात्री तेच समोर उभे राहिले, तर आम्ही मान खाली घातली.

जागर आटोपल्यावर देवळामागच्या नळावर त्या बाई तोंड धूत होत्या. ओल्या पदराने पुसून पुसून कपाळ लाल झाले, तरी कुंकू जाईना. “माउली, राहू द्या की ते,” असे म्हणावे म्हणून आम्ही दोनदा तोंड उघडले. चार माणसे बघत होती. आम्ही तांब्या भरून घेतला आणि परत फिरलो.