कौशल्यानें मिळविलेला पैसा निर्दोष आहे काय?

पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ मोबाइल फोनच्या द्वारें आतां खेडेगांवांतील तरुणांच्याही हातीं येऊन पोहोंचला आहे. आरंभ सोपा असतो. नांव नोंदविलें कीं सरावासाठीं फुकट नाणीं मिळतात. हात बसला म्हणजे खरा पैसा भरण्याचें आमंत्रण येतें. टेक्सस होल्डेम या प्रकारांत प्रत्येकास दोन गुप्त पानें मिळतात व पांच पानें सर्वांकरितां उघडीं मांडतात. या सातांतून पांचांचा उत्तम संच ज्याचा होईल, तो मधली रास उचलतो. ओमाहांत गुप्त पानें चार, पण त्यांतील दोनच वापरावयाचीं. स्टडमध्यें प्रत्येकाचीं पानें निराळीं, कांहीं झांकलेलीं व कांहीं उघडीं.

खेळणारे म्हणतात, “हा जुगार नव्हे, यास बुद्धि लागते.” त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. ५२ पानांतून पांच पानांचे २५,९८,९६० संच होतात, आणि त्यांत सर्वश्रेष्ठ संच केवळ ४. असा हिशेब ज्यास येतो, जो हलक्या पानांवर हूल देऊं शकतो, तो पुष्कळ डावांनंतर वरचढ ठरतो, हें आपण मान्य करूं.

परंतु दोष केवळ दैवावर विसंबण्यांत असता, तरच हें उत्तर पुरें पडलें असतें. यहूदाच्या जागीं मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. वधस्तंभापाशीं शिपायांनींही प्रभूच्या झग्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या. कृति एकच, पण तेथें प्रार्थनापूर्वक देवाची इच्छा शोधिली, आणि येथें मरणाऱ्याचें वस्त्र. तेव्हां प्रश्न चिठ्ठीचा नसून, आपण कोणाचें काय घेतों याचा आहे.

चौघांनीं शंभर शंभर रुपये मांडले तर रास चारशेंची होते. त्या खेळांतून धान्य पिकत नाहीं कीं कापड विणलें जात नाहीं. उलट खेळ चालविणारी कंपनी आपला वांटा कापून घेते, म्हणून चौघे मिळून आणिलें त्याहून कमीच घेऊन उठतात. शेतकरीही पावसावर भरंवसा टाकतो खरा. पण त्याच्या शेतांत पाऊस पडला म्हणून शेजाऱ्याचें शेत वाळत नाहीं. २००३ सालीं अमेरिकेंतील क्रिस मनीमेकर नांवाचा हिशेबनीस ऑनलाइन पोकरमधून लास व्हेगासच्या मोठ्या स्पर्धेंत शिरला आणि २५ लक्ष डॉलर जिंकला. त्याचें नांव जगभर झालें. पण त्या स्पर्धेंत ८३९ जण होते, आणि बक्षिसाचा पैसा स्पर्धकांनींच भरलेला होता.

मग कौशल्यानें काय साधतें? वैद्याचें कौशल्य दुर्बळास उभें करितें. या खेळांतील कौशल्य आपल्याहून दुर्बळ कोण तें हेरतें. अजाण मनुष्य दैवयोगानें शेजाऱ्याचें घेतो. कुशल मनुष्य जाणूनबुजून घेतो. म्हणजे कौशल्यानें दोष धुतला जात नाहीं, तो अधिक गडद होतो.

संसदेनेंही २०२५ सालीं पैशाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा करितांना कौशल्य व दैव हा भेद मानिला नाहीं. परंतु ख्रिस्ती मनुष्यास कायद्यापूर्वींच शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आहे. जो तरुण या पाशांत सांपडला असेल, त्याची मंडळींत निंदा होऊं नये. पाळकांनीं व वडिलांनीं त्याच्या घरच्यांसह बसून कर्जाचा हिशेब उघडा करावा, आणि तें फेडण्याचा मार्ग त्यास दाखवावा. शेजाऱ्याच्या हानीवांचून मिळालेली भाकरी थोडी असली, तरी तिजवर आशीर्वाद मागतांना जीभ अडखळत नाहीं.